औषधाच्या ट्रॉलीवर पण लिहा, 'सिस्टरशी बोलू नये'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत स्टाफ नर्स आहे, २२ वर्षं झाली नोकरीला, त्यातली बरीचशी मेल मेडिकल वॉर्डात गेली. परवा तुमच्या पेपरात एका हॉस्पिटलची जाहिरात बघितली, स्टाफ नर्स पाहिजेत, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी, अनुभव दोन वर्षं, आणि खाली ठळक अक्षरात 'मल्टिटास्किंग करता येणे आवश्यक'. ते वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. जाहिरात कुणाची ते महत्त्वाचं नाही, सगळीकडे हेच असतं, इंटरव्ह्यूला पण हेच विचारतात की एका वेळी चार कामं सांभाळता येतील का, आणि आपण पण मान हलवून हो म्हणतो कारण नोकरी पाहिजे असते. मी पण म्हटलं होतं.

पण खरं सांगायचं तर आमच्या कामात एक वेळ अशी असते की तेव्हा एकच काम करायचं असतं आणि दुसरं कुठलंही करायचं नसतं. ती वेळ म्हणजे औषध काढायची आणि द्यायची. बाकी दिवसभर आम्ही पळतच असतो, त्याबद्दल तक्रार नाही, बेड लावणं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेणं, सॅम्पल पाठवणं, डॉक्टरांच्या राऊंडला उभं राहणं, डिस्चार्जचे कागद, नवीन ॲडमिशन, हे सगळं मागंपुढं होतं आणि कुणाचं फार नुकसान होत नाही. पण औषधाचा राऊंड तसा नाही.

एक प्रसंग सांगते, माझ्याच हातून झालेला. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, हॉस्पिटलचं नाव सांगत नाही कारण चूक माझी होती. नाईट ड्युटी, वॉर्डात ३४ पेशंट, मी एकटी आणि सोबत एक मावशी. नाईटला सकाळी सहा ते साडेसात हा टाईम सगळ्यात धांदलीचा, सगळ्यांच्या शुगर तपासायच्या, नाश्त्याआधीचं इन्सुलिन द्यायचं, रक्ताचे नमुने काढायचे, आणि आठला सकाळची सिस्टर आली की हँडओव्हर द्यायचा.

आता ज्यांच्या घरी शुगरचा पेशंट आहे त्यांना माहिती असेल, आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीत मिळतं. एका बाटलीत एका एमएलला ४० युनिट असतात, दुसरीत एका एमएलला १००. दोन्हीच्या सिरिंज वेगळ्या, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची नारंगी टोपीची. आमच्या वॉर्डात सप्लाय ४० चा होता, त्यामुळे हाताला सवय लाल टोपीची. ११ नंबर बेडवर एक काका होते, एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झालेले, त्यांचं इन्सुलिन बाहेरच्या डॉक्टरांनी लिहिलेलं १०० वालं, घरनं बाटली आणि सिरिंज दोन्ही आणलेलं. डोस १८ युनिट.

मी ट्रॉलीजवळ उभी राहून त्यांची बाटली हातात घेतली, नाव वाचलं, चार्टवर डोस बघितला, आणि तेवढ्यात १९ नंबरचा मुलगा पळत आला, 'सिस्टर, बाबांची सलाईन संपली, नळीत रक्त चढतंय'. मी बाटली ट्रॉलीवर ठेवली, जाऊन सलाईन बंद केली, परत येते तोवर टेबलावरचा फोन वाजायला लागला, कॅज्युअल्टीतून विचारत होते बेड किती रिकामे आहेत, ते सांगितलं, फोन ठेवला तर मोबाईल वाजला, ग्रुपवर मेसेज की सकाळचा सेन्सस, म्हणजे वॉर्डातल्या पेशंटचा हिशोब, सातच्या आत टाका. तो मेसेज मी वाचला. टाकला नाही, फक्त वाचला, पण डोक्यात आकडे सुरू झाले, ३४ मधून दोन डिस्चार्ज, एक रेफर. आणि ते आकडे मोजत मोजत मी ट्रॉलीवरून सिरिंज उचलली, टोपी काढली, बाटलीतून १८ च्या रेघेपर्यंत ओढलं आणि ११ नंबरकडे गेले.

काका उठून बसले होते, शर्ट वर धरून. ट्रॉलीकडे बघून म्हणाले, 'सिस्टर, आज लाल टोपी कशी? आमची नारंगी असती की.'

मी ट्रॉलीकडे मागं वळून बघितलं. लाल टोपी तिथं पडलेली. लाल सिरिंजवरची १८ ची रेघ म्हणजे ०.४५ एमएल, आणि १०० वाल्या बाटलीतलं ०.४५ एमएल म्हणजे ४५ युनिट. अठराच्या जागी पंचेचाळीस, अडीच पट. त्या माणसाला नाश्त्याआधी, रिकाम्या पोटी. शुगर खाली गेली की आधी घाम येतो, हातपाय थरथरतात, मग माणूस असंबद्ध बोलायला लागतो, मग शुद्ध जाते, आणि मी त्या वेळी दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी रक्त काढत असते आणि वाटलं असतं काका परत झोपले.

ती सिरिंज मी टाकून दिली, पहिल्यापासून सगळं परत केलं, नारंगी सिरिंज, १८ युनिट, काकांना दाखवून दिलं. हात कापत होते. इन्चार्ज सिस्टरना सांगितलं, रजिस्टरला लिहिलं. काकांनी कुणाला काही सांगितलं नाही, तक्रार नाही, उलट दुपारी मी घरी जायला निघाले नव्हते तेव्हा (रिपोर्ट लिहायला थांबले होते) मला बोलावून म्हणाले की अहो सिस्टर, आमच्या गाडीत डोक्यावर लिहिलेलं असायचं, चालकाशी बोलू नये, तुमच्या गाड्यावर तसं काही का लिहीत नाही? गाडा म्हणजे ट्रॉली. म्हणाले घाटात वळण घेताना मागनं कुणी विचारलं की ओ ड्रायव्हर किती वाजता पोचणार, तर मी उत्तरच देत नव्हतो, लोक म्हणायचे माजलाय, म्हणू देत, पन्नास माणसं होती मागं.

ते वाक्य चार वर्षं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. एसटीच्या ड्रायव्हरशी बोलायचं नाही हे आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहिती आहे, कुणाला त्यात ड्रायव्हर उद्धट वाटत नाही. मग जी बाई हातात इंजेक्शन भरतेय तिच्याशी मात्र कुणीही कधीही बोलावं, आणि तिनं उत्तर दिलं नाही तर ती उर्मट, असं कसं?

लोकांना वाटतं की एका वेळी दोन कामं होतात. होत नाहीत. जिथं दोन्ही कामांना विचार लागतो तिथं डोकं एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतं, आणि प्रत्येक उडीत काहीतरी सांडतं. मल्टिटास्किंग हा शब्द सुद्धा माणसांसाठी नव्हता, १९६० च्या दशकात कॉम्प्युटरवाल्यांनी काढलेला शब्द आहे, आणि तेव्हाचं कॉम्प्युटर सुद्धा सगळं एकदम करत नव्हतं, एका प्रोसेसरवर थोडं हे थोडं ते असं पाळीपाळीनंच चालायचं, फक्त इतकं भरभर की बघणाऱ्याला एकदम वाटावं. त्याला आधीचं काम जिथं सोडलं तिथनं जसंच्या तसं परत उचलता येतं, आपल्याला येत नाही. २००९ साली सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी हेच दाखवलं की एक काम अर्धं सोडून दुसऱ्याकडे गेलं तरी लक्षाचा एक तुकडा आधीच्या कामाला चिकटून राहतो. माझ्या बाबतीत तो तुकडा सेन्ससच्या आकड्यात होता आणि हात बाटलीवर.

सीएनईच्या (नोकरीत असताना नर्सेसना मिळणाऱ्या शिक्षणाच्या) एका वर्गात आम्हाला ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास सांगितला होता, तो मी नंतर मुद्दाम शोधून वाचला. ज्युलिया वेस्टब्रूक नावाच्या संशोधक आणि त्यांची टीम, सिडनीतली दोन हॉस्पिटलं, ९८ नर्स, त्यांच्या मागं उभं राहून औषध देताना काय काय होतं ते टिपलं, चार हजारच्या वर औषधं. २०१० साली छापून आलं. निघालं काय, तर दर एका व्यत्ययामागं कामाच्या पद्धतीतल्या चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढतात आणि औषधाच्या चुका पण जवळजवळ तेवढ्याच, १२.७ टक्क्यांनी. आणि जितके व्यत्यय जास्त तितकी चूक गंभीर व्हायची शक्यता जास्त. हे वाचताना मी मोजत होते की त्या सकाळी मला किती वेळा थांबवलं. सलाईन, फोन, मेसेज. तीन. तिन्ही जणांना वाटलं असेल की एका मिनिटाचं तर काम आहे.

विमानवाल्यांना हे फार आधी कळलं. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत शार्लट गावाजवळ एक विमान धुक्यात धावपट्टीच्या अलीकडेच पडलं, सत्तरच्या वर माणसं गेली, आणि चौकशीत निघालं की उतरताना दोघं पायलट राजकारण आणि जुन्या गाड्या असल्या गप्पा मारत होते. तसेच आणखी अपघात बघून १९८१ साली तिथं नियम केला की टेकऑफ लँडिंगच्या वेळी आणि साधारण दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही, आणि एअर होस्टेसनं पण कामाशिवाय फोन करायचा नाही. म्हणजे ज्या लोकांच्या हातात माणसांचा जीव आहे त्यांना ठराविक मिनिटं एकटं सोडायचं हा तिथं कायदा आहे. आणि त्या पायलटला कुणी विचारत नाही की तुला मल्टिटास्किंग का जमत नाही.

काही देशांत हे बघून नर्सेसना औषधाच्या वेळी घालायला वेगळ्या रंगाचं जॅकेट दिलं, पाठीवर लिहिलेलं की मला थांबवू नका. ऑस्ट्रेलियात त्याची नीट चाचणी पण झाली. व्यत्यय कमी झाले, पण नर्सेसना ते जॅकेट गरम होतं, घालाकाढायला वेळ जातो, पुष्कळ जणी म्हणाल्या नको. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखाली ३४ बेडच्या वॉर्डात तर अजिबात नको. मला जॅकेट नको आहे. मला फक्त दर राऊंडला वीस पंचवीस मिनिटं पाहिजेत.

नातेवाईकांबद्दल मला राग नाही हे स्पष्ट लिहिते. माणूस घाबरलेला असतो, रात्रभर बाकड्यावर बसलेला असतो, सलाईनच्या नळीत रक्त दिसलं की त्याला वाटतं आता संपलं सगळं. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. हे आम्ही ॲडमिशनच्या वेळी दोन मिनिटं सांगायला पाहिजे की नळीवरचं हे चाक असं खाली फिरवायचं म्हणजे बंद होतं, रक्त थोडं वर आलं म्हणजे जीव जात नाही, बंद करा आणि थांबा, सिस्टर येईल. आता मी सांगते, दाखवते, त्यांच्या हातानं फिरवून घेते. आणि हे पण सांगते की कशासाठी मला कधीही, हातातलं टाकून बोलवायचं: श्वास लागला, छातीत दुखायला लागलं, झटका आला, रक्त वाहतंय, माणूस हाक मारून उठत नाही. यासाठी ओरडा, मी पळत येते, सिरिंज टाकून येते. पण जेवण कधी येणार, डॉक्टर कधी येणार, रिपोर्ट आला का, दाखल्यावर सही पाहिजे, चार्जर लावायला प्लग कुठाय, हे वीस मिनिटांनी विचारलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

नातेवाईकांपेक्षा जास्त व्यत्यय आता फोनचा झालाय आणि तो वरून येतो. प्रत्येक वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात औषधाच्या ऑर्डरी पण, मीटिंगचे निरोप पण, वाढदिवसाच्या शुभेच्छा पण, कुठल्या तरी शिबिराचे फोटो पण. ऑर्डर येते म्हणून मोबाईल जवळ ठेवावा लागतो आणि जवळ ठेवला की तो वाजतो. औषधाची ऑर्डर केसपेपरवर लिहायची गोष्ट आहे, फारच अडचण असेल तर एक फोन करून सांगायची आणि परत वाचून घ्यायची, केकच्या फोटोखाली शोधायची नाही. आणि आम्ही नर्सेस पण काही कमी नाही, ट्रॉली ढकलत ढकलत घरच्यांशी बोलणाऱ्या मुली मी बघते, कानात ब्लूटूथ घालून इंजेक्शन भरणाऱ्या बघते, त्यांना मी रागावते. तुझ्या बाळाला ताप आहे हे मला कळतं, जा, पाच मिनिटं बोलून ये, मी बघते वॉर्ड, पण बोलत बोलत भरू नकोस. ही खरी मदत आहे असं मला वाटतं, एकमेकींची पाच मिनिटं सांभाळणं.

माणसं कमी आहेत हे तर आहेच. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हिशोब शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागं एक नर्स आणि साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटमागं एक असा आहे, आणि मी ३४ ला एकटी असायचे. तिथं दोन जणी असत्या तर एक फोन घेते आणि दुसरी औषध देते, इतकं साधं आहे. जाहिरातीत मल्टिटास्किंग लिहिलं की दोन माणसांच्या जागी एक माणूस घ्यायची सोय होते, हे मला त्या शब्दाचं सगळ्यात जास्त दुखतं. कमी माणसांचा प्रश्न त्या एका बाईच्या अंगी गुण नाही असा करून टाकतात. आणि ती बिचारी खरंच मानते की मीच कमी पडते.

बायकांना तर हे लहानपणापासूनच चिकटवलेलं आहे, अष्टावधानी, एका हातानं पोळी लाटते एका हातानं मुलाचा अभ्यास घेते. घरात मी पण करते, फोनवर बोलत भाजी निवडते, त्यात वाईट काही नाही, भाजी निवडायला डोकं लागत नाही. पण अष्टावधान ही मूळ एकाच वेळी आठ गोष्टींकडे लक्ष ठेवायची कला आहे, त्याची वर्षानुवर्षं साधना करतात, समोर बसलेल्यात एक जण तर मुद्दाम अवांतर बोलून त्या माणसाचं लक्ष विचलित करायलाच बसवलेला असतो. त्या कलेबद्दल मला आदरच आहे. तिथं चूक झाली तर एक श्लोक चुकतो. माझ्या कामात ते नको.

आमच्या नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नायटिंगेल बाईंनी दीडशे वर्षांच्या वर झाली, लिहून ठेवलंय की वर्षानुवर्षं सतत व्यत्यय सोसणाऱ्या माणसाच्या बुद्धीचा शेवटी गोंधळ झाल्याशिवाय राहिलेला त्यांनी बघितला नाही. दर वर्षी १२ मे ला त्यांच्या फोटोला हार घालतो आम्ही, मेणबत्त्या लावतो, शपथ घेतो. हे वाक्य मात्र कुठल्याच भाषणात ऐकलं नाही.

तर माझं म्हणणं इतकंच आहे की प्रत्येक हॉस्पिटलनं, सरकारी असो की खाजगी, औषधाच्या राऊंडच्या वेळा ठरवाव्यात आणि त्या वेळात ती सिस्टर फक्त औषध देईल. फोन दुसऱ्या कुणीतरी घ्यावा, कुणी नसेल तर मावशी किंवा वॉर्डबॉय घेईल आणि कागदावर लिहून ठेवेल कुणाचा होता. डॉक्टरांनी पण त्या वेळात हाक मारू नये, मारावीच लागली तर समजून घ्यावं की तिला परत पहिल्यापासून करायला लागणार आहे. कारण तो नियम मी स्वतःला घालून घेतलाय, हात एकदा थांबला की भरलेलं टाकायचं आणि परत सुरुवात, पेशंट कोण, औषध कोणतं, डोस किती, कुठून द्यायचं, वेळ कुठली. हे पाच आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. अर्ध्यावरून पुढं नाही. त्यात औषध वाया जातं, वेळ जातो, सुरुवातीला स्टोअरवाल्यांनी विचारलं पण की सिरिंज जास्त कशा लागतात, मी त्यांना ११ नंबरचं सांगितलं, त्यानंतर विचारलं नाही. इन्सुलिनला आणि पोटॅशियमच्या इंजेक्शनला तर दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय द्यायचंच नाही, एकटी असेन तर ज्याला समजतं त्या पेशंटलाच दाखवते, बाटली पण आणि सिरिंज पण.

आणि संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती, जाहिरात छापायला तुम्ही पैसे घेता त्याबद्दल मी बोलू शकत नाही, पण आरोग्याच्या पानावर एकदा तरी हे छापा की वॉर्डात सिस्टर ट्रॉलीजवळ मान खाली घालून उभी असेल तर ती तुमच्याकडे दुर्लक्ष करत नाहीये. ती त्या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी बाबांकडे पूर्ण लक्ष देतेय, आणि तुमच्या बाबांची पाळी आली की तसंच देणार आहे.

मी आमच्या ट्रॉलीला सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर मार्करनं लिहून लावलंय, 'औषध भरताना सिस्टरशी बोलू नये'. पहिले काही दिवस लोक वाचायचेच नाहीत, वाचून पण बोलायचे. मग एका पेशंटची आई, आजीच त्या, वाचता येत नव्हतं, त्यांनी मला विचारलं की काय लिहिलंय, मी सांगितलं, तेव्हापासून त्या असेपर्यंत, बारा दिवस होत्या, ट्रॉली आली की त्या स्टूल घेऊन शेजारी बसायच्या आणि कुणी आलं की हात आडवा करून म्हणायच्या, थांब जरा, बाईला औषध भरू दे. डॉक्टरांना पण एकदा थांबवलं त्यांनी. डॉक्टर थांबले. ट्रॉली रोज स्पिरीटनं पुसतो आम्ही त्यामुळं पुठ्ठ्यावरची अक्षरं आता फिकी झालीत, या पगाराला लॅमिनेशन करून घेणार आहे, दोन करणार आहे, एक फिमेल वॉर्डाच्या सिस्टरनं मागितलंय.

आपली,
एक स्टाफ नर्स, मिरज
(नाव छापू नये ही विनंती)